नाकमास्तर आणि दोन बाटल्या

कोंबड्यांच्या विष्ठेपासून गॅस करणाऱ्या त्या कारखान्यात नाकमास्तरांचा फार मान. गॅसमधला अमोनिया शोषून घ्यायला खाणीतल्या खनिज खड्यांनी भरलेली एक टाकी होती. खड्यांचा जोर संपला की अमोनिया थेट इंजिनात शिरून पितळी भाग खायचा. खडे कधी बदलायचे ते मास्तर नुसत्या वासावरून सांगतात, असं गेली अकरा वर्षं सगळे मानत होते.

मानेनात का! मास्तरांचं नाक दोन वर्षांपूर्वीच कामातून गेलं होतं. चहा काय नि फिनेल काय, त्यांना सारखंच. टाकीमागे जाऊन ते ओला लिटमस कागद टाकीतून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या नळीशी धरायचे. लाल कागद निळा झाला की बाहेर येऊन ऐटीत म्हणायचे, "बदला." कागद काय, कुणीही धरेल. मग यांना ठेवतंय कोण?

चार दिवसांपूर्वी त्यांनी "बदला" म्हटलं होतं. मॅनेजर म्हणाला, "कारखाना बघायला पाहुणे यायचेत, ते येऊन जाऊ देत, मग बघू." वर आज त्याला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, पाहुण्यांसमोर दोन बाटल्या मांडल्या. एकीत खड्यांआधीचा गॅस, दुसरीत नंतरचा.

"मास्तर, ओळखा बरं. आमचं मीटर म्हणजे यांचं नाक!"

मास्तरांचं टाळकंच सरकलं. ऐकायचं तेव्हा ऐकायचं नाही आणि आता गारुड्याचा खेळ करा म्हणे! त्यांनी दोन्ही बाटल्या हुंगल्या. काहीच नाही. अंदाजानं डावीकडे बोट दाखवणार, तोच पाहुण्या बाईंनी दोन्ही हुंगून नाकाला पदर लावला. "अहो, दोन्हींना सारखीच घाण येतेय की."

"येणारच. खडे संपलेत, चार दिवस घसा फोडून सांगतोय," मास्तर म्हणाले, आणि मग तोंडावर ताबा राहिला नाही. "पण मला वास येत नाही, बाई. दोन वर्षं झाली. नात झाली तेव्हा बायकोनं बाळाचं डोकं माझ्या नाकाशी धरलं. म्हटलं, छान वास येतोय. काही येत नव्हता."

मॅनेजरनं बाटल्या बाजूला सारल्या. "मग खड्यांचं कळायचं कसं?"

मास्तरांनी खिशातून कागदाची डबी काढली.

"हे होय! मग हे शिपाईही करेल उद्यापासून," मॅनेजर म्हणाला.

मास्तरांनी डबी शिपायाच्या हातात दिली. "आधी ओला करायचा हं. कोरडा काही सांगत नाही."