मसनवट्यातलं लाल अंडं

माह्या नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला नव्हता. घेतो घेतो म्हनायचा. पेरनी होऊ दे, मंग सुगी होऊ दे, मंग पोरीचं नाव ठेवू तवा घेतो. मोठ्या दुष्काळात आमी दोघं बिडकीनच्या अंगाला विहिरीच्या कामावर व्हतो. एका दुपारी विहिरीची कड ढासळली आन् तो खालीच राह्यला. भावकीनं त्याला वढ्याकाठी, गावाच्या मसनवट्यात माती देली. मिशनच्या कब्रस्तानात त्याला जागा नव्हती, कामून की तो मिशनचा नव्हता.

मी मिशनची. पोलीस ॲक्शन झाली तवा मी रांगत व्हते. त्याच्या आदीच माह्या बापानं घरादारासकट बाप्तिस्मा घेतलेला. देव्हाऱ्यातले टाक त्यानं नदीत सोडले, असं आई सांगायची.

नवरा गेल्यावर मी पाळकसाहेबाला इचारलं, "साहेब, त्याच्यासाठी प्रार्थना करू का?"

पाळकसाहेब वाईट मानूस नव्हते. माह्या पोरीला त्यांनीच शाळंत घातलं. पन म्हनले, "बाई, मेलेल्यासाठी प्रार्थना नसते. तो विश्वासात नव्हता. त्याचा न्याय देवानं केला. तू जित्यांचं पाहा."

मी जित्यांचं पाह्यलं. पोरीला घेऊन औरंगाबादला आले, इटा वाह्यल्या, लोकायची धुनीभांडी केली. रडाया सवड नव्हती आन् रडून भाकर मिळत नाय. पन निजायच्या आदी प्रार्थनेला बसले की पोरीसाठी मागायचे, आईसाठी मागायचे, आन् पुढं त्याची जागा यायची. तिथं जीभ अडायची. मागावं का नाय? मागितलं तर पाप हाय का? काय कळायचं नाय. आमेन म्हनून पडून राह्यचे. लई सालं अशीच गेली.

मंग चिकलठान्याला एका साहेबाच्या घरी काम लागलं. साहेब आपल्या हितलेच, पन शिकाया रशियात गेले आन् तिथलीच बायको करून आले. बाईसाहेब तोडकंमोडकं हिंदी बोलायच्या. त्यायच्या बाळंतपनाला त्यायची आई आली ती राह्यलीच. घरात तिला बाबुश्का म्हनत, म्हंजे आजी. मी बी तेच म्हनू लागले. तिला ना हिंदी ना मराठी, आन् दिसभर सैपाकघरात आमी दोघीच.

ती एकेक वस्तू उचलायची आन् नाव सांगायची. ख्लेब म्हंजे भाकर. वदा, पानी. सोल, मीठ. लूक, कांदा. मी तिला मराठी सांगायचे. माही भाकर तव्यावर फुगली की टाळ्या वाजवायची, येड्यावानी. सालभरात आमचं दोघींचं भागू लागलं. साहेब हसायचे, "मावशी, तुझ्या संगतीनं सासूबाई आता 'लई' म्हणायला लागल्या."

तिच्या खोलीत मी पह्यल्यांदा झाडाया गेले तवा झाडू हातातच राह्यला. कोपऱ्यात लाकडाच्या फळीवर रंगवलेली मरिया, मांडीवर बाळ येशू, तोंडं धुरानं काळवंडलेली. म्होरं दिवा. बाबुश्का गुडघ्यावर, डोकं पार फरशीला टेकलेलं. दिवा लावनं हिंदूवानी, डोकं टेकनं मुसलमानावानी, आन् नाव येशूचं. मी घाबरले. आपल्या बापानं नदीत सोडलं तेच हितं परत आलं का काय?

ऐतवारी पाळकसाहेबाला सांगितलं, ते बी तवर औरंगाबादच्या मिशनमधी आलते. ते म्हनले, "ती मूर्तिपूजा. तू काम कर, तिकडं पाहू नको."

पन रोज झाडायचं तर पाहायचं कसं नाय? बाईसाहेब म्हनल्या, उधर सरकार को भगवान नहीं चलता था. बाबुश्काचा नवरा सरकारी पार्टीचा. घरात देवाचं नाव काढू द्यायचा नाय. ती फळी बाबुश्कानं त्याच्या डोळ्याआड, पेटीच्या तळाला, चादरीत गुंडाळून ठेवली व्हती. नवरा मेल्यावर भाईर काढली.

ती एकच बोल परत परत म्हनायची. गोस्पदी पमीलुई. देवा, दया कर. मी बी तिच्यामागं म्हनू लागले, भांडी घासताना. मराठीतली प्रार्थना मला ल्हानपनापासून पाठ. तोंडातून पान्यावानी वाहून जायची, मन भलतीकडंच. ह्या भाषेत तसं व्हईना. एकेक शब्द उचलून जागेवर ठेवावा लागं. 'दया' म्हनलं की थांबायचं, कोनावर ते ध्यानात आनायचं. ध्यानात कोन यायचं ते काय सांगू.

मंग इस्टर आला. आमचा झाला, पहाटं गानी झाली, सारं झालं. त्याच्यावर लई दिवसांनी बाबुश्का म्हनती, लूक, लूक, आन् वरचं साल दाखवती. तिला कांद्याची सालं पाह्यजे व्हती, टोपलंभर. मी शहागंजात गेले. कांदेवाला म्हने, "अम्मा, कांदे छोड़के छिलके ले जारे? छिलकों का सालन पकाके फूफा कू खिलाते क्या?"

"तेरे कू काय करायचं? दे की."

"लेलो लेलो, झाड़ू का काम बच गया मेरा."

तिनं ती सालं उकळली, त्यात अंडी उकडली. अंडी लालभडक झाली. वरून तेलाचा हात फिरवला. एक माह्या हातावर ठेवलं आन् म्हनली, "ख्रिस्तोस वस्क्रेस!" ख्रिस्त उठला.

माह्या हातातून ते पडायचंच राह्यलं. आमच्या गावाकडं लाल केलेलं अंडं चौकात नायतर मसनवट्यात दिसलं की मानूस वळसा घालून जातो. ते करनीचं. भानामतीचं. आन् ही म्हातारी ते हातावर ठेवून हसती आन् म्हनती ख्रिस्त उठला! मी म्हनले, "बाबुश्का, आमचा उठून महिना झाला." तिला काय ते कळलं नाय. तिनं माहे गाल धरून तीनदा मुके घेतले. प्रभू दोनदा कसा उठंल? मला ते आजबी कळलं नाय.

बाईसाहेब म्हनल्या, हमारा ईस्टर देर से आता, उसके बाद कबर पे जाते. अंडा उधर खाते. आधा अपना, आधा उसका.

तवा मी बाबुश्काला इचारलं. इतकी सालं जे अडलं व्हतं ते तिच्या मोडक्यातोडक्या भाषेत भाईर पडलं. म्हनले, तुहा नवरा, देव नाय मानत. तू मागती त्याच्यासाठी? पोचतं?

मला वाटलं व्हय म्हनंल. ती म्हनली, "न्ये झ्नायू." ठाऊक नाय. मंग फळीकडं बोट केलं आन् म्हनली, "प्रशू." मी मागते.

मी सैपाकघरात येऊन बसले. पाळकसाहेबाला ठाऊक व्हतं. गावच्या भगताला बी सारं ठाऊक असायचं. ठाऊक नाय म्हनून रोज डोकं टेकनारं मानूस म्या पह्यल्यांदाच पाह्यलं. त्यानं मन निवलं का आजून गुतलं, सांगता येत नाय. पन बाबुश्कानं पदरात अंडं बांधून देलं आन् मी सुट्टीच्या दिवशी बिडकीनची मोटार धरली.

वढा कोरडा व्हता. त्याची जागा मला ठाऊक, बाभळीखाली दगड ठेवलेला. मी अंडं मातीवर ठेवलं आन् बसले. बसते न बसते तोच मागून वरडा आला.

"आगं ए सटवे! लाल अंडं? कोनावर करनी करायलीस?"

माही थोरली जाऊ. शेतातून येत व्हती, डोक्यावर गवताचा भारा, कमरंला भाकरीचं फडकं.

"तरीच माही म्हैस आटली! मिशनमधी हेच शिकवतेत का?"

"करनी नाय, आक्का. इस्टरचं हाय."

"मिशनचं इस्टर कवाच झालं. येडी समजती का मला?"

"हे रशियाचं हाय."

"कोन रशिया?"

आता तिला काय सांगावं? म्या अंडं उचललं, दगडावर फोडलं, सोललं. "करनीचं असतं तर खाल्लं असतं का?" म्हनून अर्धं तोंडात घातलं. ती भारा टाकून समोर बसली, मी पडते का मरते पाहात. मी काय मेले नाय.

"आन् ते अर्धं?"

"त्याचं."

तिनं त्या अर्ध्याकडं पाह्यलं. मंग म्हनली, "अंडं लई आवडायचं त्याला. सासूची नजर चुकवून माह्याकडून उकडून घ्यायचा." आन् लगीच, "बिनमिठाचं आनलंस व्हय? बिनमिठाचं खाईना तो." तिनं फडकं सोडलं, मिठाचा खडा काढला, चुरून त्या अर्ध्यावर टाकला. म्या ते मातीवर कुस्करलं.

"पोचतं का गं त्याला?" ती म्हनली.

"ठाऊक नाय."

"तुह्या पाळकाला?"

"ते म्हनतेत, नाय पोचत."

"मंग कामून आलीस?"

"मागाया आले."

"मंग माग की. नाव घे. नाव घेतल्याबिगर देवाला काय कळनार, कोन ते?"

हितं परत माही जीभ अडली. नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलेलं नाय, जिता असताना नाय आन् मेल्यावर बी नाय. आमच्यात बायका घेत नायत. आक्कानं माह्या तोंडाकडं पाह्यलं आन् तिला कळलं. थोरल्या भावजयीनं दिराचं नाव घेतलं तर चालतं.

तिनं पदर डोक्यावर नीट केला आन् त्याचं नाव घेतलं, मोठ्यानं, शेतात हाक मारावी तसं.

म्या म्हनले, गोस्पदी पमीलुई.

ती परत म्हनली, म्या परत म्हनले. तिचा बाप्तिस्मा नाय, त्याचा नाय, भाषा माही नाय. ते कोनाचं झालं, पाप झालं का पुन्य, मला तवाबी कळलं नाय. पन त्या दिवसापासून प्रार्थनेत त्याची जागा आली की मी थांबत नाय. आक्काची हाक आठवते आन् मागते.

उठताना आक्का म्हनली, "फुडल्या साली आनशील तर दोन आन. आपल्या सासूची माती बी हितंच हाय. पन तिच्यावर मीठ कमी टाकू."