घोट्यापर्यंतचं लुगडं

वैजयंता मोहिते महापालिकेच्या इस्पितळातून सिस्टर म्हणून निवृत्त झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पहिलं काम काय केलं, तर आपल्या कडक खळ घातलेल्या सहाच्या सहा पांढऱ्या साड्या कातरीने उभ्या फाडल्या आणि त्यांची फडकी केली. चौतीस वर्षं त्या साड्यांनी तिची मान, कंबर आणि काखा खाल्ल्या होत्या. निरोप समारंभात मिळालेली जरीची साडी तिने घडीसकट कपाटाच्या तळाशी घातली आणि शांती नगरातल्या आपल्या मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांना सांगून टाकलं की यापुढे अंगाला टोचेल असं काहीही मी घालणार नाही. आणि घातलं नाही.

तळमजल्यावरच्या हंसाबेन घरातूनच गाऊन विकायच्या. सुती, ढगळ, कोपरापर्यंत बाह्या. वैजयंताने एकदम पाच घेतले, पाचही फुलाफुलांचे. गाऊन तसे सगळ्याच बायका घालत, पण घरात. आणि खाली भाजीवाल्याकडे उतरायचं झालं तर वरून ओढणी घेत. ओढणी घेतली की तो गाऊन न राहता पोशाख होतो, असा मीरा रोडचा सर्वमान्य कायदा होता. वैजयंतानेही तो पाळला, कारण ओढणीचं ओझं ते किती. पण ती भाजीपुरती थांबली नाही. दुधाच्या केंद्रावर गेली, रेशनला गेली, गाऊन-ओढणीवर बँकेतही गेली. बँकेतल्या कारकुनाने तिच्याकडे खालपासून वर पाहिलं. तिनेही त्याच्याकडे तसंच पाहिलं. मग तो मुकाट्याने पासबुकात बघायला लागला.

नटव्या कपड्यांविषयी तिची मतं ठाम होती आणि ती न विचारता मिळत. पन्नाशीनंतर शिफॉन नेसून, खांद्याला चार पिना टोचून हळदीकुंकवाला जाणाऱ्या बायका तिला कळतच नसत. पिन दंडात घुसलेल्या बायका तिने कॅज्युअल्टीत पाहिल्या होत्या. कपडा कशासाठी, तर श्वास घेता यावा, मांडी घालता यावी आणि घाईची लागली तर वेळेत मोकळं होता यावं. बाकी सगळा नखरा. वरच्या मजल्यावरच्या संपदाने एकदा विचारलं, "पण मावशी, छान दिसावं असं वाटत नाही तुम्हाला?" तर वैजयंता म्हणाली, "दिसते ना. तू नीट बघत नाहीस."

अशी ही बाई. नवरा गेलेला, मुलगा समाधान नाशिकला नोकरीवर. घरात ती आणि तिची आई ठमाबाई, सत्त्याहत्तर वर्षांची. महाडजवळच्या गावातून लेकीने तिला चार वर्षांपूर्वी मीरा रोडला आणली होती. म्हातारी हाडाने चिवट, जिभेने तिखट आणि नेसायला कायम नऊवारी सुती लुगडं, कासोटा घातलेलं तरी घोट्यापर्यंत सोडलेलं. पहाटे उठून, अंघोळ करून, लुगडं नेसल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नसे. आणि दर रविवारी सकाळी वंदनेला जायची. शांती नगरात तेव्हा विहार नव्हता. दोन बिल्डिंगी पलीकडे राहणाऱ्या संध्याताई जाधवांच्या हॉलमध्ये दहा-बारा बायका जमत, आणि त्रिशरण, पंचशील आणि मग सगळ्या गाथा म्हणायला सुरुवात करायची ती ठमाबाईने. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर तिने त्या ऐकून ऐकून पाठ केल्या होत्या. लिहितावाचता येत नसलेल्या म्हातारीपुढे बी.ए. झालेल्या बायका पुस्तक उघडं धरून बसत आणि तरी मागे पडत. रविवारचा तो एक तास म्हणजे ठमाबाईचा आठवडा होता. बाकीचे सहा दिवस नुसते मध्ये यायचे.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, उन्हाळ्यात टँकर आला, बायकांनी बादल्या वर आणल्या, पॅसेजभर पाणी सांडलं आणि ठमाबाई घसरली. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर.

वैजयंताचं म्हणणं पडलं की हे पायघोळ लुगड्यामुळे झालं. ठमाबाई म्हणाली, फरशीमुळे. दोघीही आपापल्या जागी घट्ट राहिल्या. पण खरी अडचण दुसऱ्या दिवशी पहाटे कळली. नऊवारी एका हाताने नेसता येत नाही. लेक पुढे झाली. हयातभर तिने डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत माणसांना बँडेजं बांधलेली, तिला वाटलं हे काय मोठंसं. पण ती स्वतः पहिल्यापासून पाचवारीवाली. तिने कापड दोनदा कमरेभोवती फिरवलं, उरलं ते खोचलं आणि आई हो म्हणायच्या आत पदर खांद्यावर टाकला.

ठमाबाईने खाली पाहिलं. "मढ्याला गुंडालतात तसा गुंडाललास," ती म्हणाली आणि डाव्या हाताने ओढून सगळं सोडून टाकलं.

वैजयंताला राग आला. तिला सहसा दुसरं काही येतही नसे. ती तशीच खाली उतरली आणि हंसाबेनकडून आणखी एक गाऊन घेऊन आली, करड्या रंगाचा, बारीक ठिपक्यांचा. "माँजी को एकदम आराम रहेगा," हंसाबेन म्हणाल्या होत्या, आणि ते खरंच होतं. प्लास्टर बाहीतून सहज जाई. ठमाबाईने तो घातला, कारण उघडं बसता येत नाही. पण दारावरची बेल वाजली की ती उठून आतल्या खोलीत जाई आणि आलेलं माणूस गेल्यावरच बाहेर येई. पेपरवाल्यासाठीसुद्धा. रविवार आला तेव्हा म्हणाली, हात दुखतोय. दुसऱ्या रविवारी म्हणाली, ऊन फार आहे. तिसऱ्या रविवारी दहा वाजता, म्हणजे संध्याताईंकडे उदबत्ती लागायच्या वेळेला, भिंतीकडे तोंड करून निजली.

वैजयंताने याचा अर्थ आपल्या परीने लावला. सत्त्याहत्तराव्या वर्षी म्हातारीला नटायची हौस आहे, दुसरं काय. चार बायकांत मिरवायला लुगडं पाहिजे. आणि हौस मोडायचा उपाय तिला इस्पितळातून ठाऊक होता. पेशंट उठायला लाजतो ना, मग त्याला एकदाच सगळ्यांदेखत उठवायचं. नंतर तो आपणहून फिरतो. चौथ्या रविवारची वंदना तिने आपल्या घरी ठरवली आणि आईला पत्ता लागू दिला नाही.

पावणेदहाला बेल वाजली. ठमाबाई नेहमीसारखी उठली, पण आतल्या खोलीत वैजयंताने मुद्दाम कॉट, गाद्या आणि हॉलमधल्या दोन्ही खुर्च्या भरून ठेवल्या होत्या. तिथे उभं राहायला जागा नव्हती. म्हातारी दारात क्षणभर थांबली. तिने लेकीकडे पाहिलं. मग ती बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली.

बायका आल्या. पांढऱ्या साड्या, हातात फुलं. शोकेसवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो मांडलेला, त्यापुढे मेणबत्ती. संध्याताईंनी विचारलं, आजी कुठायत. वैजयंता म्हणाली, अंघोळ करतायत, येतील. सगळ्या थांबल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नळाचा आवाज येईना. शेवटी संध्याताईंनीच सुरुवात केली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. पुढच्या गाथेत संध्याताई दुसऱ्या ओळीवरून चौथ्या ओळीवर गेल्या आणि सगळ्याच अडखळल्या, कोणी पुस्तकाची पानं उलटू लागली.

तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला. सुटलेली ओळ आली, मग पुढची. फरशा लावलेली ती एवढीशी खोली, त्यातून म्हातारीचा आवाज असा घुमून आला की हॉलमधल्या आवाजाला अर्थ उरला नाही. अकरा बायका बुद्धाकडे तोंड करून बसलेल्या आणि वंदना पाठीमागून, बंद दाराआडून चाललेली. कोणी वळून पाहिलं नाही. सगळ्या तिच्यामागोमाग म्हणत गेल्या. एरवी वीस मिनिटांत संपायचं ते ठमाबाईने एकही गाथा न गाळता अर्धा तास नेलं.

वैजयंता शेवटच्या रांगेत बसली होती. तिच्या मागे तीन हातांवर ते दार होतं. पहिल्यांदा तिला हसू आलं. मग ते गेलं. आत एक पाट आणि उपडी बादली एवढंच होतं. आई बहुधा बादलीवर बसली असेल. प्लास्टर कुठे टेकवलं असेल?

चहा कोणी घेतला नाही. संध्याताई निघताना बाथरूमच्या दाराशी गेल्या, वाकून दाराला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "येते, आजी." आतून बरं म्हणून उत्तर आलं.

दार उघडलं तेव्हा ठमाबाईचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. वैजयंताने पंखा वाढवला, पाणी दिलं. तिला भांडण अपेक्षित होतं, भांडणात ती चांगली होती.

"माझ्या आयचा सांगतेस न्हवं भाषनात?" ठमाबाई म्हणाली. "मंग?"

एवढंच. वैजयंताला पुढचं सांगायची गरज नव्हती. ही गोष्ट ती स्वतःच दर चौदा एप्रिलला स्टेजवर सांगायची. सत्तावीस साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितलं होतं, लुगडं गुडघ्यापर्यंत नेसू नका, सवर्णांच्या बाया नेसतात तसं नेसा, अंगावरचे कथलाचे ढीगभर दागिने टाकून द्या. तिची आजी त्या गर्दीत होती, दहा वर्षांच्या ठमीला घेऊन. तिथल्या तिथे दोन बायांनी आजीला लुगडं खाली सोडून नेसायला शिकवलं आणि ती तशीच गावात परतली. मग गावाने काय काय म्हटलं, पाणवठ्यावर कोणी पदर ओढला, हे सगळं वैजयंता अशा काही आवाजात सांगायची की टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांसाठी ती नेहमी थोडं थांबायची आणि मगच पुढचं वाक्य घ्यायची. स्टेजवर सांगायला ती गोष्ट फार सोपी होती. आपल्याच घरातली बाई तीच गोष्ट रोज पहाटे कमरेला बांधतेय, हे मात्र तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिला ती हौस वाटली होती.

माफी मागणं वैजयंताला जमत नसे. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने ट्रंकेतलं लुगडं काढलं, आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सांग कसं ते. एकेक सांग, घाई नको करू."

घाई तीच करणार होती, हे दोघींना माहीत होतं.

आधी गाठ. मग निऱ्या. मग कासोटा. ऐकायला तीन शब्द. पण कासोटा मागे ओढला की पुढचं लुगडं पोटरीवर चढायचं. वैजयंता ते खाली ओढायची, तर मागचा कासोटा सुटायचा. सोमवारी चार वेळा, मंगळवारी सहा वेळा. बुधवारी तिने ठणकावून सांगितलं की कापडाच्या गणितात हे बसतच नाही, कासोटा घाल नाहीतर घोटे झाक, दोन्ही होणार नाही. ठमाबाई म्हणाली, सदुसष्ट वर्षं होतंय. मग डाव्या हाताने लेकीचं बोट धरून तिने पोटाशी एक जागा दाखवली. गाठ मारायच्या आधी तिथे वीतभर कापड सैल ठेवायचं. ते पुढे खाली उतरतं. तिच्या आईने तिला असंच बोट धरून दाखवलं होतं. वैजयंताने सैल ठेवलं. कासोटा ओढला. काठ घोट्याच्या हाडाला टेकला आणि तिथेच राहिला.

"काय गं आये, हे पहिल्या दिवशी सांगायचंस."

"पयल्या दिवशी तू इचारलंस कुठं?"

पाचव्या रविवारी ठमाबाई दोन बिल्डिंगी चालत गेली. पाच मिनिटांच्या वाटेला तिला पंधरा मिनिटं लागली, कारण ती मध्ये थांबून लोकांशी बोलत होती, हात कसा मोडला ते सांगत होती, फरशीचा दोष होता हेही सांगत होती. प्लास्टर पदराखाली. शेजारी वैजयंता, फुलाफुलांच्या गाऊनवर पांढरी ओढणी. आईला नेसवता नेसवता साडेनऊ वाजले होते आणि स्वतःचं बदलायला वेळ उरला नव्हता. वेळ असता तरी बदललं असतं असं नाही. निघताना ठमाबाईने तिला न्याहाळलं होतं. लेक वाट बघत होती, आता काय ऐकवते. "बरा हाय," म्हातारी म्हणाली. "पाय तरी झाकलेले हायत."

संध्याताईंनी पुढची जागा रिकामी ठेवली होती. ठमाबाई तिथे बसली, घसा साफ केला आणि सुरू झाली. वैजयंता तिच्या अगदी पाठीमागे बसली होती. तिने त्या दिवशी एक ओळ धड म्हटली नाही. तिचं सगळं लक्ष आईच्या कासोट्याकडे होतं. तो सुटला नाही.

प्लास्टर निघालं, फोटो काढला, हाड छान जुळलं होतं. डॉक्टरांनी म्हातारीला मूठ आवळायला लावली आणि शाबास म्हटलं. दुसऱ्या दिवशीपासून ठमाबाई आपलं आपण नेसायला लागली. सोमवार ते शनिवार. उन्हाच्या दुपारी ती करडा गाऊन चढवायची, बेल वाजली तर उठायची नाही, आणि पेपरवाल्याला बसल्या जागेवरून हिशेब विचारायची. पण रविवारी तिचं मनगट दुखायचं. नेमकं पहाटे, नेसायच्या वेळेला. चौतीस वर्षांची सिस्टर, तिला दुखणारं मनगट आणि न दुखणारं मनगट लांबूनही ओळखता येत होतं. तिने तपासलं नाही. ती हातातलं काम टाकून यायची, आई पंख्याखाली हात पसरून उभी असायची.

"चल लवकर," ठमाबाई म्हणायची. "आनि वीतभर सैल ठेव. गेल्या टायमाला कमी ठेवलंवतंस."