शेजारी बसलेल्या बाई

प्रेमलामावशी हसायची तेव्हा आधी तिचे खांदे हलायचे, मग डोळे मिटायचे आणि मग असा खळखळाट सुटायचा की शेजारचा माणूस कारण न कळताच हसायला लागायचा. शहरातल्या जुन्या वाडी भागात वाढलेली, मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवणारी ही माझी मावशी सिनेमाला जायची ती एवढ्यासाठीच. नवऱ्यांची अदलाबदल, खोटी म्हातारी, चिखलात पडणारा हवालदार, असलं काहीतरी पडद्यावर हवं. रडका सिनेमा तिला नको असे. "रडायला तिकीट कशाला काढायचं?" म्हणायची.

तिची जोडीदारीण म्हणजे समा भागातल्या सोसायटीत समोर राहणाऱ्या गुजराती लीलाबेन. रविवारी दुपारी दोघी रिक्षा करून जायच्या आणि येताना सेवउसळ खाऊन यायच्या. लीलाबेनना दम धरवत नसे. जिना चढतानाच "बहु मजा पडी!" असं सगळ्या मजल्यांना सांगून टाकायच्या.

मावशीचे यजमान विश्वंभरकाका. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि एका साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहायचे. घराणं संस्थानी काळातल्या अधिकाऱ्यांचं, घरी पुस्तकांची कपाटं छतापर्यंत. शहरातलं एक चित्रपट मंडळ त्यांच्याच जिवावर चालायचं. तिथे परदेशी सिनेमे दाखवत, नंतर चर्चा होई आणि चर्चेच्या वेळी चहा. चहाचं मावशीकडे होतं.

"तू डोकं घरी ठेवून सिनेमाला जातेस," काका म्हणायचे.

"आठवडाभर शाळेत वापरते ना! तीन तास त्यालाही सुट्टी," मावशी म्हणायची. तेव्हा हे बोलणं खेळीमेळीचं होतं. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मग तो म्हशीचा सिनेमा आला. नाव सांगत नाही, आमच्या घरात त्याला तेवढंच म्हणतात. दोन चुलतभाऊ हरवलेली म्हैस शोधत शोधत भलत्याच लग्नात शिरतात, अशी गोष्ट. काकांना त्याचं परीक्षण लिहायचं होतं, लीलाबेन माहेरी गेल्या होत्या, म्हणून मावशी काकांबरोबर गेली. मांडवात नवरीच्या जागी म्हैस येऊन बसते तिथे मावशी इतकी हसली की मांडीवरचे पॉपकॉर्न खाली सांडले. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली आणि तिच्याकडे बघून हसायला लागली. काका पेन धरून बसले होते.

पुढच्या आठवड्यात साप्ताहिक शाळेत आलं. अहल्याबाई म्हणून एक शिक्षिका मधल्या सुट्टीत ते मोठ्यानं वाचून दाखवायच्या. काकांचं लिखाण सगळ्यांना आवडायचं. त्या वाचू लागल्या, "माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. तोंड उघडं, डोळे मिटलेले, सगळं अंग गदगदतंय आणि मांडीवरून पॉपकॉर्न सांडताहेत. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. अशा हसण्यावरच हे सिनेमांचे कारखाने चालतात." बाकीच्या हसल्या. अहल्याबाईंनी मान वर केली, मावशीचा चेहरा पाहिला आणि पुढचं न वाचता अंक मिटून ठेवला. त्यामुळे ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळलं.

संध्याकाळी मावशीनं काकांना विचारलं. मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहत होते, आतल्या खोलीत होते.

"ती बाई मी ना?"

"नाव कुठे लिहिलंय मी?" काका म्हणाले. "कशाला ओढून घेतेस अंगावर?"

"शेजारी मीच होते."

"हे बघ प्रेमला, लिहिताना शेजारी कोण बसलंय ते बघायचं नसतं. तिथे माणूस नसतो, उदाहरण असतं."

भांडण झालं नाही, अबोला धरला नाही. फक्त ती सिनेमाला जायची थांबली. लीलाबेन दर रविवारी दार वाजवायच्या, "चालो ने, प्रेमलाबेन!" मावशी कधी पाहुण्यांचं सांगायची, कधी पेपर तपासायचे आहेत म्हणायची. पहिली-दुसरीचे कसले पेपर? लीलाबेननाही ते कळत होतं. हळूहळू त्यांनी दार वाजवायचं सोडलं, आणि पुढे मुलाकडे कॅनडाला निघून गेल्या.

घरात टीव्हीवर असलं काही लागलं आणि काकांची चाहूल लागली की मावशी झटकन बातम्या लावायची. हसू आलंच तर नाकातून सोडायची, ओठ घट्ट मिटून. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक पोर राजाचा मुकुट घालताना स्टेजवरून खाली पडलं, सगळी शाळा लोळून हसली, आणि मावशी पर्समध्ये काहीतरी शोधत बसली. मी शेजारीच होते. पर्समध्ये तिला काही नको होतं.

यात पंधरा-वीस वर्षं गेली. मावशी निवृत्त झाली, काका तर त्याआधीच. मधल्या काळात त्या सिनेमाचं नशीब फिरलं. पोरं त्यातले संवाद मोबाइलवर एकमेकांना पाठवायला लागली. मोठ्या वर्तमानपत्रांतून लेख आले की हा सिनेमा त्या वेळी कुणाला समजलाच नाही. मागच्या वर्षी तो पुन्हा थिएटरांत लागला आणि चालला. चित्रपट मंडळात आता मोजकी म्हातारी माणसं उरली होती. नवे सचिव पीयूष गुप्ते यांनी ठरवलं की आपणही तोच दाखवायचा, म्हणजे गर्दी होईल, आणि आधी दिघेसरांचं भाषण ठेवायचं.

दिघेसर म्हणजे आमचे काका. गर्दी झाली. मी मावशीला घेऊन दुसऱ्या रांगेत बसले होते.

काका छान बोलले, बोलतातच ते. तमाशातला सोंगाड्या, गुजराती भवाईतला विदूषक रंगलो, मांडवातली म्हैस, सगळं एका माळेत ओवलं. मग म्हणाले, "हा सिनेमा आला तेव्हा माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. पॉपकॉर्न सांडत होते आणि त्यांना भान नव्हतं, इतक्या त्या हसत होत्या. ते निर्मळ हसणं मी विसरलो नाही. आम्ही समीक्षक जे शिकवतो त्यापेक्षा जास्त मला त्या बाईंनी शिकवलं."

टाळ्या पडल्या. मी मावशीकडे पाहिलं तर ती उभी राहिली होती.

"ती बाई मी," ती म्हणाली. माइक नव्हता, पण शाळेत शिकवलेला गळा होता. "आणि त्या वेळी यांनी माझ्याबद्दल काय लिहिलं होतं, तेही सांगायला सांगा त्यांना."

सगळं सभागृह हसलं. लोकांना वाटलं, नवरा-बायकोची ठरवून केलेली गंमत आहे. कुणी शिट्टीसुद्धा मारली. काकाही हसले, "बघा, हिची विनोदबुद्धी अजून शाबूत आहे," म्हणाले. पीयूष गुप्त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवायला लावल्या.

मावशी खाली बसली. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला. म्हैस मांडवात शिरली तेव्हा आजूबाजूची माणसं पडद्याऐवजी मावशीकडे बघायला लागली. एकीनं तर फोन उचलून धरला. मावशी ताठ बसून राहिली.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "सगळ्यांदेखत उठायची काय गरज होती? चांगलंच बोललो ना मी?"

"एक विचारू?" मावशी म्हणाली. "त्या दिवशी तुम्हाला हसू आलं होतं का हो?"

काका चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आलं होतं. दोन-तीनदा. दाबलं."

"का?"

"लिहायचं होतं ना मला."

मावशीनं मान हलवली आणि कुकर लावायला आत गेली. मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल. तिनं डाळ निवडली.

आता काका रोज दुपारी असले सिनेमे लावतात. मोठ्या आवाजात, मनमुराद हसत. जग म्हणतंय हसा, मग हसायला हरकत नाही. मध्येच हाक मारतात, "अगं ये, काय मजा आहे बघ!" मावशी येत नाही. तिला कपड्यांच्या घड्या घालायच्या असतात.

गेल्या महिन्यात मी तिला जबरदस्तीनं मॉलमधल्या थिएटरात नेलं. नवीन विनोदी सिनेमा होता, दोन जावयांचा, तिच्या आवडीचा. थिएटर अर्धं रिकामं होतं. ती पदर आवरून बसली. एका ठिकाणी तिचे खांदे हलल्यासारखे वाटले. मी वाट पाहिली, पण पुढे काही झालं नाही.

मध्यंतरात मी पॉपकॉर्न आणले. तिनं नको म्हटलं. मग माझ्या फोनकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "अवंती, त्यात बघ ना जरा. काय लिहिलंय याच्याबद्दल? चांगला आहे म्हणतात का?"

"तुला आवडतोय का, ते सांग," मी म्हटलं.

तिनं पुन्हा फोनकडे बोट दाखवलं. "बघ तरी," म्हणाली.

मी बघितलं. सगळ्यांनी झोडपला होता. मी सांगितलं नाही, नेट लागत नाही म्हटलं. दिवे गेल्यावरही ती माझ्या फोनकडेच बघत होती.