घबराट

पिंपरीत औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. मी तिथे बाटल्यांवर लेबलं चिकटवायला होते. शेजारी बसणारी बाई पिंपरी गावातलीच, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी. तिला मी वहिनी म्हणायचे.

एका दुपारी शीतगृहाच्या बाजूला फाडकन आवाज झाला आणि लगेच अमोनिया वायूचा लोट आला. डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग झाली. "पळा!" कुणीतरी ओरडलं. आम्ही तीसेक जणी एकाच दाराकडे धावलो. दार आत उघडणारं. पुढच्या ओढत होत्या, मागच्या ढकलत होत्या. मीही ढकलत होते. पायाखाली बांगड्या फुटल्या. कुणाचा तरी हात आहे, हे कळलं. तरी मी पाय उचलला नाही.

"मागं सरा गं! दार आत उघडतंय!"

आवाज खालून आला. वहिनीचा. तिने तीनदा सांगितलं तेव्हा कुठे मागच्या जणी हटल्या आणि दार उघडलं. बाहेर पडल्यावर आम्ही गवतात बसून नुसत्या खोकत होतो. जीव कुणाचाच गेला नाही. वहिनीची दोन बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी इंग्रजीत अहवाल लिहिला आणि मॅट्रिक झालेली म्हणून मला तो बायकांना मराठीत सांगायला लावला. त्यात पॅनिक हा शब्द होता. मी विचारलं, "म्हणजे भीती ना?"

"नाही. घबराट," साहेब म्हणाले. "भीती वाटते. घबराट पसरते."

बायकांना मी तेच सांगितलं. सांगताना मी कागदावरून नजर उचलली नाही, कारण ती घबराट माझ्यात कुठवर पसरली होती ते मला ठाऊक होतं.

संध्याकाळी वहिनीच्या घरी गेले. "वहिनी, तुमच्या हातावर पाय माझा होता."

"ठावं हाय. तुजी चप्पल वळखली म्या."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पडायच्या आदी म्या बी एकीला कोपरानं सारलं व्हतं. तिला अजून सांगितलं न्हाई."

मला रडू आलं. तिने प्लॅस्टरचा हात चुलीकडे केला. "रडू नगं. पीठ काढलंय, भाकरी थाप. पोरं भुकेली हायेत."

पुढचे वीस दिवस कामावरून सुटले की मी तिच्या घरी भाकरी थापल्या. कारखान्याने ते दार काढून बाहेर उघडणारं बसवलं. आणि एका सकाळी कामावर परतलेली वहिनी आमच्यातल्या एकीला बाजूला घेऊन, आपल्या कोपराला हात लावत, बराच वेळ बोलत उभी असलेली मी पाहिली.