सरकणारा काठ

हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली. या काळात मामांचे किस्से मी पुष्कळ सांगितले. लग्नाच्या पंगतीत सांगितले, विणकर सोसायटीतल्या माझ्या निरोप समारंभात सांगितले, आणि लोक पोट धरून हसले. पण साडीची गोष्ट मी दर वेळी गाळली. आता मामा नाहीत, सोसायटी बंद पडली, बायकोही गेली, गाळायचं कुणासाठी? तर आधी मुख्य विधान करून टाकतो. अख्ख्या विदर्भात अमेरिकन संगीत समजलेला एकच माणूस होऊन गेला. तो माझ्या बायकोचा सख्खा मामा. नागपूरच्या गोळीबार चौकामागच्या गल्लीत ते हातमागावर नऊवारी साड्या विणायचे, आणि इंग्रजीचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं.

रामदासपेठेतला एक अमेरिकन प्राध्यापक मुदत संपवून परत निघाला, तेव्हा त्याने घरातलं सामान विकायला काढलं. मामा गेले होते कूलर बघायला. आले ते रेकॉर्ड प्लेअर घेऊन, आणि त्यासोबत एकच तबकडी. मामींनी विचारलं, "कूलर कुठी हाय?" मामा म्हणाले, "हे आयक वं. गार वाटते."

त्या तबकडीत दोन पियानो होते. दोघं मिळून एक चिमुकली ओळ वाजवायचे. तीच, पुन्हा तीच, पुन्हा तीच. मग त्यातला एक केसभर पुढे सरकायचा, आणि तोही इतक्या सावकाश की ऐकणाऱ्याला आपल्याच कानात काहीतरी बिघडलंय असं वाटावं. पहिल्याच रविवारी समोरचा सायकल दुकानवाला हातात पाना घेऊन धावत आला. "मामा, रेकॉर्ड अटकली. सुई बदला नं गा." मामा डोळे न उघडता म्हणाले, "अटकली नाही. सरकून राहिली." "कुठी?" "बस, मंग सांगतो." तो बसला नाही. मामांना मात्र कंटाळा हा प्रकारच ठाऊक नव्हता. ज्याचं आयुष्य मागावर तोच हात हजारदा मारण्यात गेलं, त्याला एखादा धागा वेगळा पडला की पाठीतून कळतं. माझ्या मेव्हणीच्या लग्नात त्यांनी हीच तबकडी लाउडस्पीकरवर लावली. दहा मिनिटांनी वरपक्षाचा एक वयस्क माणूस भटजींना हळूच विचारून आला, मुहूर्त पुढे ढकललाय का म्हणून.

नात्यात मॅट्रिक झालेला मी एकटा, त्यामुळे तबकडीच्या कव्हरमागचं इंग्रजी मला दर महिन्याला मामांना वाचून, समजावून द्यावं लागे, एखाद्या पोथीसारखं. हा संगीतकार म्हणे दिवसा लोकांची घरं रंगवायचा. बापाने दुकानात बस म्हटलं, तो बसला नाही. पहिल्या कार्यक्रमाला नऊ माणसं आली आणि त्यातली सहा मधेच उठून गेली. त्याचं नाव मामांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी त्याला 'रंगारी' करून टाकलं. सहा माणसांचा त्यांना राग नव्हता. "तीन तर बसले नं, जावईबापू," ते म्हणायचे. "माह्याकडं तर तुम्ही बी उठता." मी उठायचोच. पहिली बाजू संपत आली की मला हटकून एखादं काम आठवे. दुसरी बाजू मी कधी ऐकलीच नाही, तरी "छान आहे" म्हणायचो. मामा हसायचे आणि तबकडी उलटायचे. दसऱ्याला मागाची पूजा झाली तेव्हा मामींनी कव्हरवरच्या दाढीवाल्या फोटोलाही कुंकू लावलं. शेजारच्या दोघी आल्या, हे कुठले महाराज म्हणून विचारलं, मामींनी "न्यूयॉर्कचे" सांगितलं, आणि त्या पाया पडून गेल्या.

मग ती साडी. सोसायटीतर्फे दिल्लीच्या प्रदर्शनाला एकच साडी जायची होती. मामांनी तीन महिने एक नऊवारी विणली, मागावर चादर टाकून, कुणाला बघू न देता. मला एवढंच म्हणाले, "दिल्लीले अमेरिकेचे लोक येतात. एकानं बी पाह्यली, तर जाऊन रंगाऱ्याले सांगन."

"काय सांगेल?"

"का नागपुरात एकाले समजलं."

सोसायटीत माल तपासायचं काम माझ्याकडे होतं. पद्धत सोपी होती. साडीची घडी मधोमध उघडायची, डावा काठ उजव्या काठावर ठेवायचा. फुलावर फूल बसलं तर पास, नाही तर जांभळा शिक्का, 'दुय्यम'. मामांची साडी उघडली तर फुलावर नेमकी मोकळी जागा. टेबलाभोवती पाचसहा विणकर उभे होते. त्यातला एक म्हणाला, "सासरचा माल हाय साहेब, पास होईनच." मी शिक्का उचलला आणि मारला. जरा जोरातच मारला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

मामा पुढे आले. "जावईबापू, पूर्ण उघडून पाह्यली का?"

"पूर्ण पाहिली," मी म्हणालो.

मामा हसले, मी पहिल्या बाजूनंतर उठायचो तेव्हा हसत तसे. दिल्लीला दुसऱ्याची साडी गेली. मामा सोमवारपासून पुन्हा जुळत्या काठाच्या साड्या विणायला लागले.

दुय्यम मालाच्या ढिगातून ती साडी माझ्या बायकोने आणली. "मामाची हाय. दुसरीच्या अंगावर काहून जाऊ देऊ?" ती नेसायची, मी बघायचं टाळायचो. पुढे काही वर्षांनी एका उन्हाळ्यात तिने ती धुऊन गच्चीवर पूर्ण लांब पसरली आणि टोकांना विटा ठेवायला मला बोलावलं. तेव्हा मी ती पहिल्यांदा अख्खी पाहिली. सुरुवातीला दोन्ही काठांची फुलं समोरासमोर. मग डाव्या काठाचं प्रत्येक पुढचं फूल आणखी एकेक धागा उशिरा. मधोमध, जिथे मी घडी उघडली होती, तिथे पुरती चुकामूक. आणि तिथून पुढे तसंच सरकत सरकत, पदराशी पुन्हा फुलासमोर फूल. धाग्याचाही फरक नाही.

मी वीट हातात धरून उभा राहिलो. बायको म्हणाली, "तुम्हाले आता दिसलं का? मी तं पयल्याच दिवशी पाह्यलं. मामा म्हने, जावायाले सांगू नको, त्याले वाईट वाटन."

त्याच संध्याकाळी सायकल काढली. वाडीच्या आमच्या घरून गोळीबार चौक म्हणजे बराच रस्ता; तेवढ्यात मी एक वाक्य पन्नासदा म्हणून पाठ केलं. मामांचे कान तोवर गेले होते. प्लेअरच्या पेटीवर तळहात ठेवून ते रंगारी ऐकत होते. माफी मागायची तर ओरडून मागावी लागली असती, आणि समोर सायकल दुकानवाला बसला होता. मी खाली बसलो. पहिली बाजू संपली, मामांनी तबकडी उलटली, त्यांनी दाराकडे पाहिलं, मी उठलो नाही. दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी ते दोन पियानो एकमेकांना येऊन मिळाले.

मामांनी पेटीवरून हात उचलला. "पूर्ण आयकलं?"

"पूर्ण ऐकलं," मी ओरडून सांगितलं.

मामा हसले. तेच हसू. माझं हे 'पूर्ण' आणि टेबलावरचं ते 'पूर्ण', त्यांच्या लेखी यात फरक असायचं काही कारण नव्हतं.

त्यानंतर महिन्याभरात ते गेले. पाठ केलेलं वाक्य मात्र अजून जसंच्या तसं आहे: मामा, मी तेव्हा साडी फक्त मधेच उघडली होती.