पालकाला पाच आठवडे उशीर

१९८४च्या फेब्रुवारीत मी अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका आर्मी हॉस्पिटलमध्ये कॅप्टन म्हणून रुजू झालो. ॲन आर्बर शहरात डॉक्टरीचं प्रशिक्षण संपवून थेट तिथे पोस्टिंग झालं. राउंड ०७०० वाजता. वॉर्डात वीस खाटा.

सातव्या खाटेवर सार्जंट मिलर होता. बावीस वर्षं सेवा, त्यात दोनदा व्हिएतनामच्या युद्धावर. अन्ननलिकेचा कॅन्सर पसरला होता. हातात काही महिनेच आहेत, हे त्याला मीच सांगितलं. त्याची मागणी एकच होती. वॉर्डामागच्या वाफ्यात पालक लावायचा आणि गिळता येतंय तोवर खायचा.

शेतीच्या स्थानिक पत्रकानुसार तिथे शेवटचं दंव मेच्या मध्यावर गोठायचं. मिलरने तिथून पाच आठवडे मागे मोजून एप्रिलचा दुसरा आठवडा ठरवला. मी पेरणी थांबवली. नाशिकला आमच्या परसात एका कडाक्याच्या पहाटेनंतर पालक काळा पडलेला मी पाहिला होता. तो आपल्याकडचा पालक वेगळा आणि हा थंडी सोसणारा अमेरिकेतला वेगळा, हे मला ठाऊक नव्हतं.

"दंव संपल्यावर पेरा, सार्जंट."

"सर, याला थंडीच मानवते. उन्हाळ्यात हा फुलोऱ्यावर जातो, कडू होतो."

"ही ऑर्डर आहे."

"येस, सर."

चार्टवर मी कारण लिहिलं: रुग्णाला थंडीपासून जपणे. ते खरं नव्हतं.

घरी बायकोला, सुधाला, हे सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही कधी मेथीची जुडी तरी निवडलीत का? शेती त्याला कळते. तुम्ही औषधं बघा." मी हसण्यावारी नेलं. ऑर्डर बदलायला पाच मिनिटं पुरली असती.

मिलरने मेच्या मध्यावर व्हीलचेअरवरून बी पेरलं. जूनच्या मध्याला त्याचं गिळणं बंद झालं. तेव्हा पानं जेमतेम बोटभर होती. महिनाअखेरीस ऊन तापलं आणि रोपांना तुरे आले. त्याने एक पान चावलं, रुमालात थुंकलं.

"कडू आहे, सर. पुढच्या पेशंटला एप्रिलमध्ये पेरू द्या."

जुलैत तो गेला. चॅपेलमध्ये मी त्याच्या सेवेबद्दल दोन मिनिटं बोललो. हुद्दा, वर्षं, पदकं. पालकाचं नाव काढलं नाही.

बाहेर त्याच्या पत्नीने माझा हात हातात घेतला. त्याला वाफा करू देणारा अधिकारी भेटला, याचं तिला समाधान होतं.

मी म्हणालो, "येस, मॅम."