पाहुण्यांसाठी पिकअप

माणसाची इज्जत जाऊन जाऊन किती जावी? सांगतो. चहा थंड झाला तर झाला, पण ऐका.

आमच्या पूजाचं लग्न जमून राह्यलं होतं. पोरगा नाशिकचा, दोघं एकाच ऑफिसात. पोरगा-पोरगी राजी, आम्ही राजी. अडलं होतं पोराच्या मामांवर. मामा म्हणजे एकदम कडक इस्त्रीचा माणूस! घर बघितल्याशिवाय हो म्हणणार न्हाई, म्हणे. मंग ठरलं, मामा-मामी आन पोराचे आईवडील, असे चौघं आमच्याकडं भोकरदनला येणार.

आदल्या दिवशी मामांचा मेसेज आला. 'वुई आर फोर, विथ लगेज. प्लीज अरेंज पिकअप फ्रॉम जालना स्टेशन.'

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं पिकअप म्हणजे काय? मागं मोकळा हौदा असलेली मालाची गाडी!

मी बायकोला म्हणलं, "लई सामान आणून राह्यलेत. साड्या, फळांच्या पेट्या... सुपारी फोडायच्याच तयारीनं येऊन राह्यलेत गं!"

"आन पाहुणे कशानं येतील?"

"ते कार करतील की! मोठी माणसं हायेत."

शेजारच्या रफिकभाईचा पिकअप सांगितला. तो सकाळी जालन्याला मिरची टाकायला जाणारच होता, येताना रिकामा. कसं बराबर जुळलं!

दुसऱ्या दिवशी मी पडदे लावायच्या गडबडीत. फोन पाहतो तर मामांचे सात मिस्ड कॉल, आन खाली मेसेज, 'प्लीज पिक अप!' म्हणजे, बाबा, फोन उचल! पण माझ्या डोक्यात गाडीच. वाटलं, यांना गाडी सापडून न्हाई राह्यली. जल्दी जल्दी लिहिलं, 'पिकअप स्टँडिंग आउटसाइड. रेड कलर.'

दोन तासांनी गाडी दारात. पुढं रफिकभाईजवळ मामी आन पोराची आई, दोघी नाकाला पदर लावून. आन मागं हौद्यात, साखळी धरून उभे, मामा आन पोराचे वडील! मामांचा पांढराशुभ्र शर्ट मिरचीनं गुलाबी झाल्ता.

"रफिकभाई, सामान कुठंय?"

"सामान दोन ब्यागा, सर. बाकी मानसंच हायेत! मी म्हणलं बी, कार करा. तर म्हणले, सरांनी लाल गाडीत बसा म्हणून लिव्हलंय."

"आम्हाला वाटलं," मामा म्हणाले, "तुमच्याकडे पाहुण्यांना असंच... आऽऽक्छी!... असंच आणतात."

पोराचे वडील कंबर धरून उतरले. "नाव पिकअप, आणि गाडीला पिकअप बिलकुल नाही!"

पूजा पोहे घेऊन आली. तिला बघायला बसलेल्या चौघांच्या डोळ्यांतून नुसत्या धारा! तेवढ्यात शेजारची काकू दारातून डोकावली.

"आगं माय! पाठवणी आजच हाय का?"

मामी खुदकन हसल्या. मंग सगळेच. मी मान खाली घालून मेसेजचा सगळा घोळ सांगितला. मामा तर पोट धरून हसले.

"मुलगी पसंत आहे," डोळे पुसत म्हणाले. माझ्या जिवात जीव आला!

मंग पोहे खाता खाता त्यांनी सहज विचारलं, "सर, तुम्ही शाळेत विषय कोणता शिकवता?"

"चित्रकला," मी म्हणलं.

आतून बायको ओरडली, "अहो, खोटं काऊन बोलता? इंग्रजी शिकवतेत! बावीस वर्षं झाली!"